नदीची दुरुस्ती आणि नदीचे जाणकार



या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक, संपादक, शास्त्रज्ञ बोलून गेले. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाने आणि वाचनालयाच्या बाकाने केले. तेव्हा नदीसारख्या विषयावर मी बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु मी रावेतला, पवनेच्या काठी राहतो. आणि तीसएक वर्षे कामगारांत काम करीत असल्यामुळे, यंत्र बिघडले की ते कोणाला विचारून दुरुस्त करावे, हा प्रश्न माझ्या रोजच्या धंद्यातला आहे. आपली नदी बिघडली आहे हे सर्वांना मान्य आहे. तिची दुरुस्ती कोणाला विचारून करावी, एवढाच आजचा माझा विषय.

आरंभी एक कारखान्यातली हकीकत सांगतो. या पट्ट्यातल्या एका कारखान्यात एक मोठा प्रेस होता. त्यावर बारा वर्षे उभा राहिलेला कामगार एके दिवशी सुपरवायझरला म्हणाला, “साहेब, हिचा आवाज बदललाय.” साहेबांनी घड्याळाकडे पाहिले आणि त्याला कामाला लावले. तिसऱ्या दिवशी प्रेस बसला. चौकशीसाठी समिती नेमली गेली. तीत बाहेरून आलेले तज्ज्ञ होते, कागद होते, आकडे होते. फक्त तो कामगार नव्हता. तज्ज्ञ चुकीचे होते असे मी म्हणत नाही. बेअरिंग का झिजले ते त्यांनी अचूक सांगितले. पण ते झिजते आहे हे आधी कोणाला कळले होते? ज्याचा त्या यंत्राशी रोजचा संबंध होता त्याला.

नदीचेही असेच आहे. पवनेवर, इंद्रायणीवर, मुळेवर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिलेले लोक म्हणजे भोई, कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी. नदीच्या आवाजात झालेला बदल त्यांनी केव्हाच ऐकला होता. नदी सुधारण्याच्या बैठकीत मात्र त्यांची खुर्ची कोठे आढळत नाही.

आता आपल्या नदीची आजची स्थिती थोडक्यात पाहू. पवना सह्याद्रीत, लोणावळ्याच्या दक्षिणेला उगम पावते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. तिच्यावरचे धरण १९७२ सालचे. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच खाली येते आणि आमच्या रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून शुद्धीकरणासाठी निगडीला नेले जाते. तुमच्याआमच्या नळाला येणारे पाणी बरेचसे हेच. म्हणून रावेतच्या वर, भर उन्हाळ्यातही नदीत वाहते पाणी दिसते. आणि रावेतच्या खाली, तेच पाणी आपण वापरून झाल्यावर नाल्यांच्या वाटेने परत येते. थेरगावच्या केजूबाई बंधाऱ्यावर तरंगणारा फेस आणि मेलेले मासे आपण वर्तमानपत्रांतून अनेकदा पाहिले आहेत. एकच नदी, पण रावेतचा बंधारा हा जणू तिच्या दोन जन्मांमधला उंबरठा झाला आहे.

हा प्रश्न शोभेचा नाही. पवनेचे पाणी बंद नळातून शहरात आणण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातल्या बऊर येथे शेतकऱ्यांनी आंदोलन केले, तेव्हा झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. नदी कोणाची आणि तिच्याविषयी कोणाला विचारायचे, या प्रश्नासाठी आपल्या शेजारच्या तालुक्यात माणसांचे प्राण गेले आहेत, हे शहरातल्या माणसाने विसरू नये.

तर नदीच्या जाणकारांना नेमके काय ठाऊक असते? आमच्या युनियनमधला एक सभासद भोई समाजाचा. त्याच्या वडिलांना सगळे बाबा म्हणत. निवृत्तीनंतर नव्हे, तर आयुष्यभर त्यांचे संध्याकाळचे ठिकाण नदीच होते. मी त्यांना एकदा विचारले, “बाबा, नदी सुधारली हे ओळखायचं कशावरून?” मला वाटले, ते पाण्याच्या रंगाचे काही सांगतील. ते म्हणाले, “मळ्या दिसला की मला सांगा. चिलापी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका.”

या दोन वाक्यांत केवढे शास्त्र आहे, ते मला पुढे वाचनातून कळले. मळ्या हा बोटाएवढा मासा. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा अवयव असतो. त्याने तो वाहत्या पाण्यातल्या दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. दगडावर मैल्याचा गाळ बसला की त्याला धरायला जागा उरत नाही आणि खायलाही काही उरत नाही. म्हणजे मळ्या असणे याचा अर्थ पाणी वाहते आहे, दगड स्वच्छ आहे आणि पाण्यात प्राणवायू आहे. उलट चिलापी हा आफ्रिकेतून आणलेला मासा. तो घाण, कोमट, साचलेल्या पाण्यातही तग धरतो आणि झपाट्याने वाढतो. तेव्हा नदीत मासे दिसतात म्हणजे नदी जिवंत आहे, हे खरे नव्हे. कोणता मासा दिसतो हे पाहावे लागते. प्रयोगशाळा ज्याला निर्देशक जात म्हणते तिची निवड बाबांनी बसल्याजागी करून दिली होती.

प्राणवायूचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. २० अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. पाणी ३० अंशांपर्यंत तापले की तो साडेसातवर येतो. त्यात सांडपाणी मिसळले म्हणजे ते कुजवणारे जंतू हाच प्राणवायू खातात. उन्हाळाभर तळाशी बसलेला मैला पहिल्या जोरदार पावसाने ढवळून निघतो, नाले धुऊन नदीत येतात, आणि एका रात्रीत मासे उलटे होऊन तरंगतात. आपल्याला वाटते की कोणी विष टाकले. कधी टाकलेलेही असते. पण भोई माणूस आदल्या संध्याकाळीच ओळखतो. कारण मासे पाण्यावर तोंड काढून आवंढे गिळू लागलेले असतात.

दुसरे ज्ञान वळगणीचे. मृगाचा पाऊस पडला, ओढे वाहू लागले, की कित्येक मासे नदी सोडून ओढ्यात आणि तेथून भातखाचरांत चढतात. त्यांच्या पोटात गाभोळी असते. उथळ, ताज्या पाण्यात अंडी घालावी, पिल्ले तेथे वाढावी आणि पावसाळा सरताना नदीत परत यावे, असा हा प्रवास. कोणत्या ओढ्याने कोणता मासा चढतो, हे काठावरच्या माणसाला तोंडपाठ असते. आपण शहरात काय केले? ओढ्यांना नाले म्हटले आणि काँक्रीटच्या भिंतीत घातले, किंवा नळात पुरून वर रस्ता केला. मग काठावर कितीही फुलझाडे लावली तरी माशाला चढायला जिनाच उरला नाही. हे नकाशावर दिसत नाही, कारण नकाशात वळगण दाखवण्याची खूण नसते.

तिसरे ज्ञान डोहांचे. पूर्वी उन्हाळ्यात नदी आटे, पण काही डोह कधीच आटत नसत. नदीतली सारी बीजे त्या डोहांत चार महिने काढीत. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी अशा डोहांना देवाचे संरक्षण दिलेले आढळते. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथले मासे वरदायिनी देवीचे मानतात आणि कोणी धरीत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या डोहात हीच रीत. आपल्या शेजारी देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे वारकऱ्यांनी असेच राखले. या डोहांतला राजा म्हणजे महसीर, ज्याला आपल्याकडे खडशी असेही म्हणतात. मोठाल्या खवल्यांचा, स्वच्छ, खडकाळ, वाहत्या पाण्याचा हा मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो. त्याची अंडी जड असतात. ती तरंगत नाहीत, तळाच्या खडीत जाऊन बसतात आणि तीन-चार दिवसांनी फुटतात. खडी वाळूवाल्याने नेली किंवा तिच्यावर गाळ बसला, की अंडी गुदमरली. देवाने डोह राखला, पण डोहाला येऊन मिळणारे सांडपाणी कोणत्या देवाने अडवायचे? श्रद्धेला मर्यादा आहे ती येथे. तिथून पुढचे काम नगरपालिकेचे आणि कायद्याचे.

आता कोणी म्हणेल, हे सारे अडाणी माणसांचे अनुभव. यांना शास्त्र कसे म्हणावे? त्याला एक गंमतीची पण थोडी बोचणारी गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची मोजदाद करीत हिंडत होता. त्याने येथल्या चाळीसहून अधिक माशांची वर्णने तयार केली आणि १८३९ च्या सुमारास ती लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेतर्फे प्रसिद्ध झाली. महसीरचे त्याने केलेले वर्णन पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून आहे. त्या माशाला त्याने जे शास्त्रीय नाव दिले त्यात ‘खुद्री’ हा शब्द आहे. इतर नावे पाहा : कोलस, बोगट, मल्या, शिंगटी, अळकुटी. हे लॅटिन नव्हे, मित्रहो. हे आपल्या काठावरच्या मासेमारांचे शब्द आहेत! आज जपानात किंवा जर्मनीत एखादा शास्त्रज्ञ बाबांच्या त्या मळ्याविषयी लिहितो तेव्हा त्याला मावळातल्या माणसाचा शब्द लिहावा लागतो. आपल्याकडच्या डॉ. सी. व्ही. कुलकर्णींनीही १९५२ साली कोल्हापूरकडच्या पंचगंगेतल्या, इतर माशांची खवले खाणाऱ्या एका माशाचे नाव ‘खवलचोर’ असे ठेवले आणि ते जगभर रूढ झाले.

शब्द राहिले, पण ते शब्द सांगणाऱ्या माणसांची नावे राहिली नाहीत. साइक्सला जाळ्यातून मासा काढून त्याचे नाव कोणी सांगितले, ते कोठेही लिहिलेले नाही. माझ्या भाषेत सांगायचे तर माल घेतला, मजुरी बुडाली. आज पुन्हा नदीच्या दुरुस्तीसाठी याच लोकांकडे जायचे असेल तर तो जुना हिशेब डोळ्यांपुढे ठेवून गेले पाहिजे.

जगात याबाबत काय चालले आहे? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सामन नावाचा मासा आहे. आपल्या बाजारातला रावस तो नव्हे. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत शेकडो मैल वर चढतो. क्लॅमथ नदीच्या खोऱ्यातले युरोक, कारुक इत्यादी आदिवासी या माशावर जगत. युरोक लोक नदीवर लाकडी बांध घालून मासे धरीत, पण दहा दिवसांनी तो स्वतःच मोडून टाकीत. वरच्या गावांना आणि अंडी घालणाऱ्या माशांना वाट मिळावी म्हणून. पुढे त्या नदीवर विजेसाठी धरणे झाली आणि ती वाट बंद झाली. २००२ साली कोमट आणि कमी पाण्यात रोग पसरून हजारो सामन मेले. त्यानंतर आदिवासींनी वीस वर्षे नेटाने लढा दिला. २०२४ साली चार धरणे काढण्याचे काम पुरे झाले आणि त्याच शरद ऋतूत सामन वरच्या भागात पोहोचलेले दिसले. उघड्या पडलेल्या गाळावर लावण्यासाठी स्थानिक झाडांच्या बिया गोळा करण्याच्या कामात युरोक पथके होती. म्हणजे सल्लाही त्यांचा आणि पगारी कामही त्यांचे. हे केवळ सद्भावनेने घडले नाही. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला होता की जुन्या तहांनुसार आदिवासींचा पकडीत निम्मा वाटा आहे आणि माशांच्या व्यवस्थापनातही त्यांना भाग आहे. आधी हक्क, मग खुर्ची, आणि मग ज्ञानाला किंमत, असा तो क्रम आहे. कामगार चळवळीचाही क्रम हाच.

पण उदाहरणासाठी सातासमुद्रापार जाण्याची गरज नाही. आपल्याच राज्यात भंडारा-गोंदिया भागात जुने मालगुजारी तलाव आहेत. तेथे ढिवर समाज मासेमारी करतो. तलावांत बेशरम माजली, बाहेरचे मासे सोडले गेले आणि गावच्या माशांच्या जाती घटल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मंडळींनी ढिवर स्त्री-पुरुषांना विचारून कामाची रीत ठरवली. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर वाढते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, दुसऱ्या तलावांतून मूळच्या वनस्पती आणून लावल्या आणि गावठी माशांचे बी सोडले. मासे परतले, पक्षी परतले, आणि सहकारी संस्थांच्या पकडीतही वाढ झाली. यात स्त्रिया पुढे होत्या, हे मुद्दाम सांगतो. कारण काठावरच्या उथळ पाण्याचे ज्ञान बहुधा त्यांच्याकडेच असते.

ज्ञान न विचारता केलेल्या उपकाराचे उदाहरणही आपल्या दारातले आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने डॉ. कुलकर्णींच्या मार्गदर्शनाखाली महसीरची कृत्रिम पैदास यशस्वी केली. १९७० च्या सुमाराचे हे काम मोठे आहे, त्याचा आपल्याला अभिमान वाटावा. परंतु पुढे ही लोणावळ्याकडच्या जातीची पिल्ले दूर कर्नाटकात, कावेरीतही सोडली गेली. तेथे मूळचा एक वेगळा, पाठीला कुबड असलेला प्रचंड महसीर होता. पाहुणा वाढला आणि घरचा घटला. त्या मूळच्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली ती २०१८ साली, आणि तीही नामशेष होण्याच्या गंभीर धोक्यातला म्हणून. कोणाची बुद्धी वाईट नव्हती. महसीर तो महसीर, असा समज होता. काठावरच्या मासेमाराने मात्र दोन्ही मासे एक आहेत असे कधीच म्हटले नसते. नदीत पिल्ले सोडण्याचा समारंभ आपल्याकडेही होतो, फोटो निघतात. कोणत्या नदीचे कोणते पिल्लू, हे विचारल्याखेरीज तो करू नये.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जुने ते सारे सोने, असे माझे म्हणणे नाही. वळगणीला चढणारी गाभोळीची मासळी ओढ्यात सरसकट धरण्याची चाल माशाचे बी संपवणारी आहे. गेळफळासारख्या वनस्पतींनी पाणी गुंगवून मासे धरण्याची रीत थोड्या माणसांच्या काळात चालून गेली; आता आटलेल्या नदीला ती पेलणार नाही. सुरुंगाची दारू टाकून मासे मारणे तर निव्वळ गुन्हा. पण चाल सुधारायची असेल तर तीही त्याच लोकांशी बसून सुधारते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात होडी घालीत नसत. आज सरकार १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी करते. कायदा रूढीच्या मागून आला आणि म्हणूनच तो समुद्रकाठी परका वाटत नाही. नद्यांसाठीही असे नियम करता येतील.

मग आपण पिंपरी-चिंचवडकरांनी काय करावे? कायदा आपल्या हाती आधीच आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ सालचा. त्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. लोकांना विचारून, हे शब्द महत्त्वाचे. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर जंगलातल्या पाण्यातील माशांवरचा सामूहिक हक्कही मान्य केला आहे. तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. पवनेच्या काठी धरणापासून दापोडीपर्यंत जे भोई, कातकरी, ठाकर, महादेव कोळी आहेत त्यांच्यासह नदी पायी चालून प्रत्येक डोह, प्रत्येक वळगणीचा ओढा आणि प्रत्येक माशाचे नाव नोंदवहीत लिहावे. सांगणाऱ्याचे नावही त्यापुढे लिहावे. त्या दिवसांची त्यांना मजुरी द्यावी, कारण ज्ञान देणे हेही काम आहे. नदीच्या कोणत्याही आराखड्यावर सही होण्यापूर्वी तो त्यांच्या वस्तीवर जाऊन मराठीत वाचून दाखवावा. आणि हे सारे केले तरी सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडायचे नाही, ही गोष्ट बाजूला पडू देऊ नये. मळ्याला दगड स्वच्छ लागतो. नोंदवहीत नाव लिहिल्याने दगड धुतला जात नाही.

शेवटी माझी स्वतःची चूक कबूल करतो. बाबांनी मला रावेतपासून वरच्या डोहांची नावे ओळीने सांगितली होती. नऊ होती की दहा, हेही आता मला आठवत नाही. आयुष्यभर मी कामगारांच्या हजेऱ्या, पगारपत्रके, करार लिहून ठेवले. एका महागाई भत्त्याच्या आकड्यासाठी रात्र रात्र जागलो. ती डोहांची यादी मात्र लिहून घेतली नाही. वाटले, बाबा आहेतच. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलाला चार नावे येतात, नातवाला एकही येत नाही. तो चाकणला मोटारीच्या कारखान्यात आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

अशी माणसे या शहराच्या कडेला अजून काही आहेत. आपल्यापैकी कोणाच्या चाळीत, कोणाच्या सोसायटीत पहारेकरी म्हणून, कोणाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून ती काम करीत असतील. आज घरी गेल्यावर त्यांना एवढेच विचारा, “काका, तुमच्या गावच्या नदीत कोणते मासे होते?” आणि ते सांगतील ते कागदावर लिहून घ्या.